ओठ सांधला, मनाचे काय?

२०२२ च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधल्या दिवशी सूर्यग्रहण आले. २५ ऑक्टोबरच्या त्या संध्याकाळी मावळत्या सूर्याचा एक लचका चंद्राने तोडला आणि आमच्या मराठवाड्यात घरोघरी नेहमीचा बंदोबस्त सुरू झाला. गरोदर सुनेला आतल्या खोलीत बसवले गेले. विळी, सुरी, कात्री, सुई तिच्या हाताला लागणार नाही अशा बेताने ठेवली गेली. कारण विचारले, तर म्हाताऱ्या बायका पिढ्यान्‌पिढ्या एकच सांगत आल्या आहेत : ग्रहणात चिरले-कापले, तर बाळ फाटक्या ओठाचे होते.

यात बिघडते काय, असे कोणी म्हणेल. राबणाऱ्या सुनेला तेवढीच दोन घटका विश्रांती! बिघडते ते नंतर. ज्या घरात खरोखरच दुभंगलेल्या ओठाचे बाळ जन्माला येते, तिथे बाळाकडे पाहून झाले की साऱ्या नजरा बाळंतिणीकडे वळतात. "ग्रहणात काय कापलं होतंस?" हा प्रश्न तिला कोणी तोंडावर विचारतो, कोणी पाठीमागे. विचारणारा कोणीच नसला, तर ती स्वतःच स्वतःला विचारते आणि नऊ महिन्यांचा एकेक दिवस उलगडून पाहते. बाळाचा ओठ तीन ते सहा महिन्यांत डॉक्टर सांधून देतात. आईवर आलेला आळ मात्र कोणत्याही दवाखान्यात उतरत नाही.

हा आळ किती पोकळ आहे, हे समजायला फार मोठे शास्त्र लागत नाही. गर्भाचा वरचा ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळून येतो. त्याच्या मागोमाग टाळू जुळते. (टाळू म्हणजे येथे तेल घालतो ती डोक्यावरची नव्हे, तर तोंडाच्या आतली, जिला तहानेने जीभ चिकटते ती.) तेही काम तिसऱ्या महिन्यात पुरे होते. अनेक बायकांना दिवस राहिल्याचे पुरते कळते, तोवर बाळाच्या ओठाचा निकाल लागून गेलेला असतो. मग सातव्या महिन्यातल्या ग्रहणात चिरलेल्या वांग्याने जुळलेला ओठ पुन्हा कसा उसवणार? हा जोड का राहून जातो याला आनुवंशिकता, काही औषधे, आईची प्रकृती अशी अनेक कारणे मिळून असतात. पुष्कळदा एकाही कारणावर बोट ठेवता येत नाही. चंद्र-सूर्याचा मात्र त्यात काही संबंध नाही.

आपल्या पूर्वजांना हे व्यंग अपरिचित नव्हते. सुश्रुताने कापलेले नाक पुन्हा घडवण्याची रीत सांगितली, तिच्याच जोडीला ओठ सांधण्याचाही विचार केला. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापून आलेली पुण्याची हकीकत तर जगभरच्या शल्यविशारदांना ठाऊक आहे. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याच्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसवून दिले होते. चेहरा दुरुस्त करण्याची विद्या या मातीत जुनी आहे. चेहऱ्यामागच्या माणसाची विचारपूस करण्यात मात्र आपण मागे राहिलो.

बँकेत उमेदीची वर्षे घालवल्यामुळे मला प्रत्येक गोष्टीचा हिशेब मांडायची खोड आहे. जगभरात साधारण सातशे ते हजार बाळांमागे एक बाळ ओठ किंवा टाळू दुभंगलेले जन्मते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आमच्या जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या वर होती. हजारी पंधरा-सोळा जन्म धरले, तर वर्षाला पंचवीस हजारांच्या आसपास बाळे होतात. म्हणजे परंड्यापासून उमरग्यापर्यंत आठ तालुक्यांत मिळून दरवर्षी पंचवीस ते पस्तीस घरांत असे बाळ येत असणार. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली, तर हा आकडा सहाशेच्या पुढे जातो. एका लहान गावाएवढी ही माणसे आपल्यात राहतात. आपल्याला ती दिसत नाहीत, कारण त्यांनी न दिसण्याची सवय करून घेतलेली असते.

शस्त्रक्रियेच्या बाबतीत मात्र आपण अगदीच पोरके नाही. आमच्या शेजारच्या पंढरपुरात १९३० साली जन्मलेले डॉ. शरदकुमार दीक्षित अमेरिकेत प्लास्टिक सर्जन झाले आणि १९६८ पासून वर्षानुवर्षे भारतात येऊन मोफत शिबिरे घेत राहिले. अपघाताने शरीर अर्धे लुळे झाले, कर्करोगाने स्वरयंत्र नेले, हृदयविकाराचे झटके आले. तरी चाकाच्या खुर्चीतून हा माणूस शिबिरांत डझनावारी ओठ सांधत असे. महाराष्ट्रात भारतीय जैन संघटनेने त्यांची शिबिरे भरवली. २००१ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०११ मध्ये ते गेले. ज्याचा स्वतःचा आवाज गेला होता, त्याने हजारो मुलांच्या तोंडाला आकार दिला. लातूरला डॉ. विठ्ठल लहाने यांनी हे काम मोफत आणि मोठ्या प्रमाणावर केले आहे. 'स्माइल ट्रेन' ही १९९९ मध्ये सुरू झालेली जागतिक संस्था अशा शस्त्रक्रियांचा खर्च उचलते. तेव्हा पैशावाचून मुलाचा ओठ तसाच राहिला, असे म्हणण्याची वेळ आता येऊ नये.

पण ओठ सांधला म्हणजे काम संपले का? माझ्या धंद्यातला दाखला देतो. कर्ज मंजूर करून पैसे हातात ठेवले की शाखाधिकाऱ्याचे काम संपत नाही; खरे काम तिथून सुरू होते. विहीर खणली का, मोटार बसली का, पीक उभे राहिले का, हे बांधावर जाऊन पाहावे लागते. पाहणी झाली नाही, तर चांगले कर्जही बुडते. दुभंगलेल्या ओठाच्या बाबतीत आपण वाटप उत्तम करतो. पाहणीला मात्र कोणी जात नाही.

आता ही पाहणी कशाची करायची? सुरुवात बोलण्यापासून करू. टाळू उघडी असली, की तोंडातली हवा नाकावाटे निसटते. प, ब, ट, ड, क, ग ही अक्षरे तोंडात हवा कोंडून सोडल्याशिवाय उमटत नाहीत. म आणि न यांना मात्र नाकाचीच वाट लागते. म्हणून असे मूल 'बाबा' म्हणायला जाते आणि ऐकणाऱ्याला 'मामा' ऐकू येते. घरातली माणसे हसतात. ते हसणे मायेचे असते. पण मुलाला पहिला धडा मिळतो, की आपण तोंड उघडले की लोक हसतात. टाळूची शस्त्रक्रिया साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, म्हणजे बोलणे फुटण्याच्या बेताला व्हावी लागते. ती लांबली, तर गेंगाणे बोलण्याची सवय जडते आणि पुढे वाचोपचारतज्ज्ञाकडे महिनोन्‌महिने सराव करावा लागतो. शिवाय अशा मुलांच्या कानात पाणी साचून ऐकूही कमी येते. मास्तर म्हणतात, पोरगा ढ आहे. पोरगा मुळीच ढ नसतो. ओठ-टाळू एवढेच व्यंग असलेल्या मुलाची बुद्धी चारचौघांसारखीच असते. त्याला ऐकू आलेले नसते, आणि आलेले उत्तर द्यायची त्याला भीती वाटते.

तुळजापूर तालुक्यातल्या एका शाखेत मी असताना पंचविशीचा एक शेतकरी खाते उघडायला आला होता. अर्ज त्याने स्वतः, मोत्यासारख्या अक्षरात भरला होता. बोलण्याचे काम मात्र सोबत आणलेला धाकटा भाऊ करत होता. फोटोचा विषय निघाला, तसा तो प्रथमच माझ्याशी बोलला. तोंडावर टॉवेलचे टोक धरून म्हणाला, "सायेब, फोटूचं राहू द्या. पायजे तर अंगठा घ्या." चांगला मॅट्रिक झालेला मनुष्य फोटो टळावा म्हणून अडाणी ठरायला तयार होता! अंगठा लावणाऱ्याच्या खात्याला तर फोटो आणखीच सक्तीचा, हे मी त्याला सांगितले. दोन महिन्यांनी तो फोटो घेऊन आला, तेव्हा त्याने भरघोस मिशा राखल्या होत्या. लहानपणी एका शिबिरात त्याचा ओठ शिवलेला होता आणि काम इतके नेटके झाले होते, की मिशा नसत्या तरी कोणाचे लक्ष गेले नसते. लक्ष जात होते ते त्या टॉवेलकडे. बाईमाणसाला तर मिशांचीही सोय नाही; तिच्या हाती राहतो पदर.

मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासांतून हीच गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली आहे. व्यंग किती मोठे, यावरून मनावरचा घाव किती खोल, हे ठरत नाही. पुसटशी रेघ असलेला माणूस आरशासमोर उभा राहायला घाबरतो आणि ठळक व्रण असलेला भर सभेत भाषण ठोकतो. फरक पडतो तो घरच्यांनी, शाळेने, मित्रांनी त्याला कसे वागवले त्याने. येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. यातली पुष्कळ मुले हसतखेळत वाढतात, शिकतात, संसार करतात. त्यांच्याकडे कायम दयेने पाहणे हाही एक प्रकारचा छळच आहे. प्रश्न आहे तो ज्यांना ऐन वेळी आधाराचे दोन शब्द मिळाले नाहीत त्यांचा, आणि ते शब्द नशिबावर सोडायचे की त्यांची व्यवस्था लावायची याचा.

आपली भाषा या बाबतीत किती निष्ठुर आहे पाहा. अब्रू गेली की आपले नाक कापले जाते. गुन्हा केला की तोंड काळे होते, लाज वाटली की तोंड दाखवायला जागा उरत नाही. अब्रूचा सगळा कारभार आपण चेहऱ्याकडे सोपवला आहे. अशा भाषेत वाढणाऱ्या मुलाला चेहऱ्यावरचा व्रण हा अपराधासारखा वाटू लागला, तर नवल काय? त्यात आपली वगनाट्ये आणि विनोदी चित्रपट. गेंगाणे बोलणारे पात्र रंगमंचावर आले, की त्याने काही विनोद करण्याआधीच प्रेक्षक हसायला तयार! दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात तीच नक्कल होते आणि ज्याची नक्कल होते तो मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहतो.

'स्माइल पिंकी' या लघुपटाला २००९ मध्ये ऑस्कर मिळाले, तेव्हा मिर्झापूर जिल्ह्यातली पिंकी सोनकर साऱ्या देशाला माहीत झाली. वाराणसीचे डॉ. सुबोधकुमार सिंह यांनी तिचा ओठ सांधला. २०१३ मध्ये विम्बल्डनच्या पुरुषांच्या अंतिम सामन्याची नाणेफेक तिच्या हातून झाली. पण त्या लघुपटात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो गावोगाव हिंडून आईबापांशी बोलणारा सामाजिक कार्यकर्ता. हे असे होते, यात तुमचा दोष नाही, हे बरे होते, असे तो त्यांना सांगतो. तेवढे सांगणारा माणूस भेटला, म्हणून पुढे डॉक्टर भेटले. ब्रिटनमध्ये १९९८ च्या एका सरकारी अहवालानंतर हे उपचार मोजक्या केंद्रांत एकवटण्यात आले आणि तेथील चमूत शल्यविशारद, दंतवैद्य, वाचोपचारतज्ज्ञ यांच्या पंगतीला मानसशास्त्रज्ञही बसवला गेला. मनाचा उपचार हा तिथे उपचाराचाच भाग मानला जातो.

हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत, असे निदान आमच्या जिल्ह्याने तरी म्हणू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आम्ही एक धडा शिकलो आहोत. भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. मदत आली, अनुदान आले, नवी घरे उभी राहिली. तरीही सास्तूर-लोहाऱ्याकडची माणसे छताखाली झोपायला धजत नव्हती. मग मानसोपचारतज्ज्ञ आले, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास हाती घेतला, कार्यकर्ते घरोघरी बसून नुसते ऐकू लागले. घर बांधून दिले म्हणजे झोप लागतेच असे नाही, हे आम्हाला तेव्हा समजले. ओठाचेही तसेच आहे.

शिवाय या कामासाठी लागणारी माणसे जिल्ह्याला नवी नाहीत. तुळजापूरला १९८० च्या दशकापासून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे; समाजकार्य शिकणारी मुले तिथे देशभरातून येतात. अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्याचे काम कसे करता येते, ते दाखवून दिले. गावोगाव आशाताई आणि अंगणवाडीताई आहेत. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि दुभंगलेला ओठ व टाळू त्या यादीत नावानिशी आहे. जिल्हा पातळीवरच्या केंद्रात वाचोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ असावेत, असे याच कार्यक्रमाच्या सूचनांत लिहिले आहे. कागदावर सगळे आहे. या पदांवर माणसे नेमली का, आणि ती टिकली का, एवढेच पालकमंत्र्यांनी आणि जिल्हा परिषदेने दर तीन महिन्यांनी विचारावे. महिन्यातून एक दिवस या मुलांच्या आईबापांना एकत्र बसवावे. पहिल्यांदाच असे बाळ पदरी आलेल्या आईला दहा डॉक्टरांपेक्षा, तशाच दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आलेली दुसरी आई जास्त धीर देते. त्याला इमारत लागत नाही. एक सतरंजी आणि चहा पुरतो.

बाकीचे काम घराघरात करायचे आहे. टाळू दुभंगलेल्या बाळाला अंगावर ओढून पिता येत नाही. दूध नाकातून येते आणि आई घाबरते. त्याला उभे धरून वाटी-चमच्याने किंवा आपल्या जुन्या बोंडल्याने हळूहळू पाजावे, हे तिला पहिल्याच दिवशी कोणी दाखवले, तर अर्धी भीती जाते. शस्त्रक्रियेआधीचे बाळाचे फोटो काढावेत. कित्येक घरांत अशा मुलाचा पहिल्या सहा महिन्यांतला एकही फोटो नसतो. मोठेपणी ते मूल अल्बम चाळते, तेव्हा त्या कोऱ्या पानांचा अर्थ त्याला बरोबर कळतो. शाळेत जाण्यापूर्वी त्याला एक सरळ उत्तर शिकवून ठेवावे : "मी जन्मलो तेव्हा माझा ओठ जुळला नव्हता, डॉक्टरांनी तो शिवला. चल, आता खेळू." ज्याच्याकडे उत्तर असते, तो प्रश्नाला भीत नाही. गुरुजींनी अशा मुलाला मोठ्याने वाचायला लावून त्याची फजिती करू नये आणि दया म्हणून त्याची पाळीही चुकवू नये. आधी एकट्याला जवळ घेऊन विचारावे, मग वर्गात उभे करावे.

पुढे तारुण्य येते आणि आरसा बोलू लागतो. नाक सरळ करण्याची किंवा दात बसवण्याची आणखी एखादी शस्त्रक्रिया सुचवली जाते. ती करायची की नाही, हे त्या मुलाला किंवा मुलीला विचारावे. वडिलांनी परस्पर तारीख घेऊन येऊ नये. मग लग्न. मुलीच्या ओठाची गोष्ट लपवून ठेवण्याकडे घरच्यांचा कल असतो आणि लपवलेली गोष्ट सासरी कळली की तिचे हत्यार होते. मुलांनाही हेच होईल का, ही भीती असते. त्याचे उत्तर डॉक्टरांकडे आहे : आईबापांपैकी एकाला हे व्यंग असले, तरी मूल तसे होण्याची शक्यता शंभरात थोडकीच असते. हे बोलणी चालू असतानाच दोन्ही घरांनी मिळून डॉक्टरांकडून ऐकावे. आणि मन फारच खचले असेल, तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे. २०२२ पासून तो देशभर चालतो, पैसे पडत नाहीत आणि तोंडही दाखवावे लागत नाही. तोंड दाखवण्याचीच ज्याला धास्ती, त्याच्यासाठी ही सोय लहान नाही.

शेवटी शेजाऱ्यापाजाऱ्यांविषयी. असे बाळ जन्मले, की घरचे लोक बारसे पुढे ढकलतात. "ओठ शिवल्यावर करू" म्हणतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. लोकांच्या नजरांपासून त्यांना बाळाला वाचवायचे असते. पण नाव ठेवलेले नसले, की लोक व्यंगावरून हाक मारतात, आणि ती हाक एकदा गावाच्या तोंडी बसली की पुढे शाळेच्या पटावरच्या नावालाही ऐकत नाही. म्हणून बारसे वेळेवर व्हावे. आणि बोलावणे आले नाही, तरी गल्लीतल्या चार बायकांनी कुंची-झबले घेऊन जावे, बाळाला मांडीवर घ्यावे, त्याच्या तोंडाकडे नीट पाहावे आणि कानात नाव सांगावे.